फ्लेक्स सगळ्यात शेवटी: उमेदवाराच्या ब्रँडिंगची कामं कोणत्या क्रमाने करायची

पुण्यात इच्छुकाचं ब्रँडिंग बहुतेक वेळा वाढदिवसाच्या फ्लेक्सने सुरू होतं. वर नेत्यांचे सात फोटो, मधे हात जोडलेले 'भावी नगरसेवक', खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग. पुढे तिकीट मिळतं. मग रंग फ्लेक्सवाल्याच्या संगणकावर ठरतो, घोषवाक्य रात्री अकराला ठरतं, आणि पत्रकावर वेगळा फोटो, रिक्षावर वेगळा, फ्लेक्सवर तिसराच. साबण विकणारी कंपनी हे बरोबर उलट्या क्रमाने करते. आधी गिऱ्हाईक कोण ते पाहते, मग त्याला द्यायचं एकच वचन ठरवते, मग नाव-रूप, मग चाचणी. छपाई अगदी शेवटी.

खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. उदाहरणं महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागाची आहेत, पण विधानसभेलाही हाच क्रम चालतो. एक फरक मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवा: विधानसभा-लोकसभा भारत निवडणूक आयोगाकडे, महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडे. खर्चाची मर्यादा, परवानग्या, नमुने या सगळ्यांचे आदेश वेगळे निघतात. एकीकडचा कागद दुसरीकडे चालेल असं धरून बसू नका.

## सुरुवात करण्याआधी: दिवस मोजा

२०२४ च्या विधानसभेला अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. शेवटच्या ४८ तासांत जाहीर प्रचार बंद. म्हणजे चिन्ह आणि यादीतला क्रमांक पक्का झाल्यावर हातात १४ दिवस. पुणे महापालिकेला तर चिन्हवाटप ३ जानेवारी २०२६ ला झालं आणि मतदान १५ जानेवारीला. जाहीर प्रचाराला दहाच दिवस मिळाले.

या दहा दिवसांत फक्त वाटायचं असतं. ठरवायचं ते सगळं त्याआधी झालेलं हवं. अंदाजे वेळ अशी धरा: मतदानाच्या तीन महिने आधी लोकांशी बोलणं, अडीच महिने आधी वचन आणि नाव, दोन महिने आधी फोटो आणि रंग, दीड महिना आधी चाचणी, चाळीस दिवस आधी सगळ्या फाइली बंद. त्यानंतर फाइलीत फक्त दोन जागा कोऱ्या राहतात, चिन्हाची आणि क्रमांकाची. पक्षाच्या उमेदवाराची एकच.

पैशाचं घड्याळ वेगळं चालतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च मोजला जातो. विधानसभेला महाराष्ट्रात ही मर्यादा ४० लाख रुपये आहे. आधी छापून ठेवलेलं साहित्य अर्ज भरल्यानंतर वापरलं, तर तेही हिशेबात धरलं जातं. 'ते तर आधीच छापलं होतं' ही सबब चालत नाही.

तपासा: निवडणूक खर्चाचं स्वतंत्र बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. प्रेसवाला, फ्लेक्सवाला, मंडपवाला यांची बिलं त्याच खात्यातून द्या.

## टप्पा १: यादीवरून गट पाडा, जातीवरून नको

चार सदस्यांच्या प्रभागात मतदार ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात असतात. एवढ्या लोकांशी एकाच सुरात बोलता येत नाही, आणि प्रत्येकाशी वेगळं बोलायला वेळ नाही. मतदार यादीचे भाग समोर घ्या आणि प्रत्येक भागावर एकच शब्द लिहा: वाडा, सोसायटी, वस्ती, बंगला, समाविष्ट गाव. पुण्यात हा शब्द बाकी सगळ्या माहितीपेक्षा जास्त सांगतो. पेठेतल्या वाड्याचं दुखणं जुनं बांधकाम आणि पार्किंग. सोसायटीचं दुखणं टँकरचं बिल. २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांत मिळकतकराची पावती आधी आली, ड्रेनेजची लाइन अजून यायची आहे.

मग प्रत्येक गटातले सहा-सात असे तीसेक लोक गाठा. कार्यकर्त्यांचे नातेवाईक नकोत. एकच प्रश्न विचारा, 'गेल्या महिन्यात घराबाहेर पडल्यावर सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?' आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. हा भाग लोक टाळतात, आणि मग पत्रकावर 'मलनिस्सारण व्यवस्थेचे सक्षमीकरण' असं छापून येतं. बाई म्हणाली होती, 'ड्रेनेज तुंबलं की घाण पाणी जिन्यात येतं.' पत्रकावर हेच वाक्य हवं.

सावधान: गटागटाला वेगळी वचनं देऊ नका. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मजकूर वस्तीत पोहोचायला एक दुपार पुरते. वचन सगळीकडे एकच, फक्त सुरुवातीची ओळ गटानुसार बदला.

## टप्पा २: एकच वचन, तीन चाळण्यांतून

तीस लोकांच्या वाक्यांतून पाच-सहा मुद्दे निघतील. प्रत्येक मुद्दा तीन प्रश्नांतून गाळा.

पहिला: हे त्या पदाच्या हातात आहे का? मेट्रोचा मार्ग नगरसेवक ठरवत नाही. प्रभागातलं ड्रेनेज, कचरा, फुटपाथ, दवाखाना, उद्यान हे महापालिकेचं काम आहे.

दुसरा: समोरचा उमेदवारही हेच म्हणू शकतो का? 'सर्वांगीण विकास' इथे बाद होतो. 'आपला माणूस', 'हक्काचा माणूस' हेही बाद. चारही पॅनेलं हेच छापतात.

तिसरा: सहा महिन्यांनी कुणी तपासायचं म्हटलं तर तपासता येईल का? 'जनसेवेसाठी सदैव तत्पर' तपासता येत नाही. 'दर सोमवारी संध्याकाळी सात ते नऊ कार्यालय उघडं, आणि आलेल्या प्रत्येक तक्रारीचा नंबर मिळणार' हे तपासता येतं.

तीनही चाळण्यांतून गेलेलं जे उरेल, त्यातलं एकच घ्या. बाकीचे जाहीरनाम्यात जातील. तो छापायला हरकत नाही, फार कुणी वाचेल अशी अपेक्षा नको. मग वचनाची घोषणा करा: जास्तीत जास्त सहा शब्द, त्यात एक क्रियापद किंवा एक वस्तू. 'टँकर बंद, नळ सुरू' हे रिक्षाच्या भोंग्यावर चालतं. 'गतिमान, पारदर्शक, लोकाभिमुख' हे चालत नाही, कारण तीनही विशेषणं आहेत आणि डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही.

यमक जुळवायच्या मोहात अर्थ जातो. यमक आपसूक आलं तर ठीक, ओढून आणू नका.

## टप्पा ३: मतपत्रिकेवरचं नाव तेच बाहेरचं नाव

गल्लीत सगळे 'नाना' म्हणतात. फ्लेक्सवर, रिक्षावर, टोपीवर 'नाना'. मतदानयंत्रावर मात्र पूर्ण नाव, आणि यादीत त्याच आडनावाचे आणखी दोन. मतदार बटणापाशी अडखळतो आणि वीस लाख खर्चून कमावलेली ओळख वाया जाते.

उपाय अर्ज भरण्याच्या आधीच करायचा असतो. प्रचलित नाव 'उर्फ' लावून मतपत्रिकेवर यावं असं वाटत असेल तर ते अर्जातच लिहा. मग बाहेर सगळीकडे तीच जोडी वापरा: ठळक अक्षरात हाक मारायचं नाव, खाली पूर्ण नाव, मतपत्रिकेवर असेल त्याच क्रमाने आणि त्याच शुद्धलेखनाने. सारख्या नावाचे उमेदवार उभे राहिलेच, तर माघारीची मुदत संपल्या रात्री अंतिम यादी पाहून ठरवा. अशा वेळी नावापेक्षा क्रमांक आणि चिन्ह मोठं करावं लागतं.

अपक्षाने चिन्हांची पसंती देताना एक झेरॉक्स मशीन जवळ ठेवावं. चिन्ह काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर, नखाएवढ्या आकारात ओळखू येतं का? आणि एका शब्दात ओरडता येतं का? कपबशी, सिलिंडर ही चिन्हं दोन्हींत पास होतात. बारीक तारांचं, गुंतागुंतीचं यंत्र नापास होतं.

पॅनेलबद्दल: चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला अ, ब, क, ड या चारही जागांसाठी मत द्यायचं असतं. एका पक्षाच्या पॅनेलला चारही ठिकाणी एकच चिन्ह मिळतं, म्हणून तिथे मुख्य ब्रँड चिन्ह, आणि चार उमेदवार त्याखालचे चार. चौघांनी चार डिझायनर धरले की हा फायदा गेला. एकच मांडणी ठेवा, तीत फक्त फोटो, नाव आणि जागेचं अक्षर बदला. आणि 'चार वेळा बटण दाबा' ही ओळ प्रत्येक कागदावर हवी, कारण पहिलं बटण दाबून निघू पाहणारे मतदार कमी नसतात.

## टप्पा ४: फोटो

विधानसभेला मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो असतो. आयोगाला द्यायचा फोटो २ सेंटिमीटर रुंद, २.५ सेंटिमीटर उंच, पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवर, समोरून काढलेला, अधिसूचनेच्या आधीच्या तीन महिन्यांतला लागतो. गणवेश चालत नाही. टोपी आणि काळा चष्मा टाळायला सांगितलं आहे. २०२५ मध्ये आयोगाने नियम बदलून फोटो रंगीत केला आणि फोटोच्या जागेचा तीन चतुर्थांश भाग चेहऱ्याने भरलेला हवा असं ठरवलं.

आता फ्लेक्सवरचा फोटो आठवा. डोक्यावर फेटा, कपाळावर नाम, एका बाजूला वळलेली मान, गळ्यात हार. यंत्रावर दिसणारा माणूस वेगळाच वाटेल. म्हणून एकाच बैठकीत दोन्ही फोटो काढा: आधी आयोगाचा, मग त्याच चष्म्यात, त्याच मिशीत, त्याच केशरचनेत प्रचाराचा. दाढी ठेवायची की काढायची हे त्या दिवशी ठरलं की निकालापर्यंत बदलायचं नाही.

पांढरा कुर्ता पांढऱ्या पार्श्वभूमीवर घेतला की खांदे गायब होतात आणि फक्त डोकं तरंगतं. मागे फिकट राखाडी पडदा लावा, प्रकाश एका बाजूने घ्या. चष्म्यात दिव्याची चमक येत असेल तर दिवा वर घ्या. फोटोग्राफरकडून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलचा होतो. तो दहा फुटांवर ताणला की इंचाला १३ पिक्सेल उरतात, आणि उमेदवाराच्या गालावर चौकटी दिसतात. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

## टप्पा ५: रंग आणि अक्षरं

पक्षाचा रंग ठरलेला असतो, तरी तो प्रत्येक प्रेसवर वेगळा उतरतो. कारण 'भगवा द्या' एवढंच सांगितलेलं असतं. रंग आकड्यात सांगा, म्हणजे छपाईच्या प्रत्येक शाईचे टक्के: सायन (निळी), मॅजेंटा (गुलाबी), यलो (पिवळी) आणि काळी. भगव्यासाठी मॅजेंटा ६० ते ६५, यलो १००, बाकी शून्य असं धरून सुरुवात करा. मॅजेंटा ८० च्या वर गेला की लालसर होतो, ४५ च्या खाली गेला की हळदीसारखा दिसतो. निळ्यात सायन १०० आणि मॅजेंटा ७० च्या आत ठेवा. दोन्हींत तीसेकचं अंतर नसेल तर निळा जांभळा छापून येतो, आणि मग तो कोणत्या पक्षाचा यावर चर्चा होते. फोनच्या पडद्यावरचे रंग छपाईला जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून एकदा कागदावर आणि एकदा दोन फूट बाय दोन फूट फ्लेक्सवर नमुना काढा, दुपारच्या उन्हात बघा, आणि मंजूर नमुन्यावर सही करून तोच प्रत्येक प्रेसला द्या.

अक्षरांचा घोळ याहून मोठा. पुण्यातल्या बऱ्याच प्रेसमध्ये अजून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँट-पद्धतीत, काम चालतं, घरचा पोरगा युनिकोडमध्ये करतो, आणि दोन्ही फाइली एकाच कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये येतात. कुठे काय मोडतं ते पाहा. जुन्या आवृत्तीत युनिकोड मजकूर चिकटवला की पहिली वेलांटी उडी मारते आणि 'विकास'चा 'वकिास' होतो. 'शेतकऱ्यांचा' आणि 'दुसऱ्यांदा' यातला अर्धा र रफार होऊन पुढच्या य वर चढतो आणि 'दुसर्यांदा' छापतं. 'द्ध', 'ष्ट्र' सुटे पडतात. हिंदीसाठी बनवलेल्या फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मतदाराला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण पत्रक परगावचं वाटतं. सदाशिव पेठेत मात्र नेमकं काय खटकलं ते तुम्हाला फोन करून सांगतील.

एक फाँट निवडा, त्याची दोनच वजनं वापरा, जाड आणि साधं. 'मुक्त' किंवा 'बालू' हे मोकळेपणाने वापरता येणारे देवनागरी फाँट आहेत. प्रेसला देताना मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून द्या, म्हणजे फाँट नसला तरी अक्षर हलणार नाही. आणि कर्व्ह न केलेली मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. नाही तर क्रमांक टाकायच्या रात्री काहीच बदलता येणार नाही.

तपासा: कर्व्ह केल्यानंतर छापील प्रत मोठ्याने वाचा, दोघांनी, पडद्यावर नव्हे. उमेदवाराचं नाव आणि फोन नंबर उलट्या क्रमाने वाचा. उलट वाचताना डोळा गृहीत धरत नाही.

## टप्पा ६: तीन सेकंदांची चाचणी

कंपन्या बाजारात माल आणण्याआधी जे करतात आणि पक्षाच्या कार्यालयात जे कधीच होत नाही, ते हे. ए-फोर कागदावर डिझाइनची प्रत काढा. मंडईत, सोसायटीच्या फाटकाशी, पीएमपीच्या थांब्यावर पंधरा अनोळखी लोकांना तीन सेकंद दाखवा आणि कागद उलटा करा. विचारा: नाव काय? चिन्ह काय? काय म्हणतोय? पंधरातल्या बाराजणांनी नाव आणि चिन्ह सांगितलं तर पुढे जा. वचन आठ-नऊ जणांनी आपल्या शब्दांत सांगितलं तरी पुरे.

लोक नेत्याचं नाव सांगत असतील आणि उमेदवाराचं नाही, तर नेत्याचा फोटो मोठा झाला आहे. लोक 'छान आहे' म्हणत असतील, तर ते उत्तर नाही, खोडून टाका.

दोन डिझाइनं असतील तर निम्म्यांना एक, निम्म्यांना दुसरं दाखवा. दोन्ही शेजारी ठेवून 'कुठलं आवडलं?' विचारू नका. मतदानाच्या दिवशी कुणी शेजारी ठेवून बघत नाही.

त्याच डिझाइनची काळी-पांढरी झेरॉक्स काढा, आणि फोनवर अंगठ्याएवढं करून बघा. दोन्हीकडे नाव वाचता यायला हवं.

## टप्पा ७: फाइली बंद करा आणि शुभेच्छुकांची सोय लावा

चाचणी झाली की एक पानाचा नियम लिहा: रंगांचे आकडे, फाँट, फोटो, चिन्हाची जागा, नावाची जागा, वचनाची ओळ, नेत्यांचे फोटो किती आणि कोणते. शेवटच्या मुद्द्यावर शहर कार्यालयाची लेखी संमती घ्या. कुणाचा फोटो राहिला यावरून होणारे रुसवेफुगवे प्रचाराचे दोन दिवस सहज खातात. कागद दाखवता आला तर दहा मिनिटांत मिटतं. प्रत्येक फाइल एकाच माणसाकडून बाहेर जाईल.

आता शुभेच्छुक. कार्यकर्त्याला स्वतःचा चेहरा चौकात बघायचा असतो, आणि त्याचा हिशेब चुकीचाही नाही, तो वर्षभर राबतो. पण मुख्य फ्लेक्सवर वीस चेहरे बसवले की नावाला जागा उरत नाही. त्याला वेगळी वस्तू द्या: फोनवरचं तयार चित्र, त्यात वरचा तीन चतुर्थांश भाग उमेदवाराचा, खालच्या पट्टीत कार्यकर्त्याचा फोटो आणि नाव. दोनशे कार्यकर्त्यांनी ते आपल्या स्टेटसला लावलं तर चौकातल्या फ्लेक्सपेक्षा जास्त ओळखीच्या लोकांपर्यंत पोहोचतं. 'मुख्य फ्लेक्सवर कुणाचाही नाही' हा नियम उमेदवाराच्या भावालाही लागू.

## टप्पा ८: छपाई दोन हप्त्यांत

पहिला हप्ता चिन्हवाटपाच्या आधीचा: परिचयपत्रक. त्यात क्रमांक नाही. दुसरा हप्ता अंतिम यादी हातात आल्यावरचा: नमुना मतपत्रिका आणि मतदाराच्या नावाची स्लिप. दुसऱ्यासाठी प्रेसची रात्र आधीच राखून ठेवा, कारण त्या रात्री नारायण पेठेतल्या प्रत्येक मशीनला सगळ्याच पक्षांचं काम असतं. कागदही आधी घेऊन ठेवा.

आकडा मतदारांवरून काढू नका, घरांवरून काढा. नव्वद हजार मतदार म्हणजे घरं साधारण पंचवीस हजार. त्यावर दहा टक्के वाया, म्हणजे साडेसत्तावीस हजार प्रती. मग वाटपाचा हिशेब: दोघांची जोडी तासाला तीस घरं करते. पंचवीस हजार घरांना सुमारे ८३० तास. रोज चार तास, आठ दिवस धरले तर २६ जोड्या लागतात. तेवढ्या जोड्या नसतील तर पत्रकं कमी छापा. उरलेले गठ्ठे कार्यालयाच्या माळ्यावरून थेट रद्दीत जातात.

परिचयपत्रकाला १३० जीएसएम (कागदाचं चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) गुळगुळीत आर्ट पेपर, स्लिपांना ७० जीएसएम साधा मॅपलिथो पुरतो. मॅपलिथोवर गडद पट्टीतली पांढरी बारीक अक्षरं शाई पसरून बुजतात, ८ पॉइंटच्या खाली जाऊ नका.

सावधान: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे पत्रक आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. प्रकाशकाने दोन ओळखीच्या व्यक्तींनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र मुद्रकाला दोन प्रतींत द्यायचं, आणि मुद्रकाने छापल्यापासून तीन दिवसांत ते छापील प्रतींसह जिल्हा प्रशासनाकडे पाठवायचं, छापलेल्या प्रतींची संख्या आणि घेतलेले पैसे कळवून. चूक झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महापालिकेलाही हीच शिस्त पाळा. डिझाइन सुंदर दिसावं म्हणून ही ओळ काढणारे डिझायनर असतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

## टप्पा ९: आता फ्लेक्स

कर्वे रस्त्यावर दुचाकी ताशी ४० किलोमीटरने जाते, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. शंभर फुटांवरून फ्लेक्स दिसायला लागला तर वाचायला तीन सेकंदही मिळत नाहीत. त्यात मावतं ते चिन्ह, नाव आणि सहा शब्द. पाटी रंगवणाऱ्यांचा ठोकताळा आहे, दर दहा फूट अंतराला एक इंच अक्षर. शंभर फुटांवरून वाचायचं तर अक्षर दहा इंच, आणि हे माप शिरोरेषेपासून खालचं, वरच्या मात्रा सोडून.

२० बाय १० फुटांची फाइल इंचाला ७२ पिक्सेलने १७,२८० बाय ८,६४० होते. एवढी फाइल फोनवर उघडत नाही, म्हणून मंजुरीसाठी छोटी प्रत पाठवतात आणि छापायलाही चुकून तीच जाते. फाइलच्या नावातच 'छपाई' आणि 'बघण्यासाठी' लिहा.

कडांना सगळीकडून तीन इंच रिकामे सोडा, फ्रेमवर दुमडताना तेवढं आत जातं. क्रमांक कडेला असेल तर नेमका तोच दुमडला जातो. दोरी ओवायच्या रिंगा दर दोन फुटांवर मारून घ्या.

जागेसाठी महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाची परवानगी, खासगी इमारतीसाठी मालकाची लेखी संमती. सोसायटी असेल तर समितीच्या सहीची, एखाद्या सभासदाची नव्हे. झाडं, सिग्नल, विजेचे खांब, बसथांबे यांना हात लावू नका. तिथे फ्लेक्स लावून फुकटची जागा मिळते, पण गुन्हा उमेदवाराच्या नावावर नोंदला जातो. आणि १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे झेंडे आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर बंद आहेत. झेंडे कापडी घ्या, फ्लेक्सवाल्याकडून जाडी बिलावर लिहून घ्या.

## टप्पा १०: आवाज आणि फोन

रिक्षा ताशी दहा किलोमीटरने जाते आणि भोंगा साधारण साठ मीटर स्पष्ट ऐकू येतो. खिडकीतल्या माणसाला जेमतेम वीस सेकंद मिळतात. म्हणून दोन मिनिटांचं गाणं निरुपयोगी, बारा सेकंदांची फिरती ओळ हवी: नाव, चिन्ह, वचन, पुन्हा नाव, क्रमांक. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. प्रसिद्ध गाण्याच्या चालीवर शब्द बसवले की लोकांना मूळ गाणं आठवतं, उमेदवार नाही, शिवाय हक्कांचा प्रश्न येतो तो वेगळाच.

फोनसाठी १०८० बाय १३५० पिक्सेल, नाव आणि चिन्ह वरच्या भागात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणून परिचयपत्रकावर नंबर आणि 'तक्रारीसाठी हा नंबर सेव्ह करा' ही ओळ पहिल्या छपाईपासूनच हवी. विकत घेतलेल्या नंबरांवर मारा केला की खातं बंद पडतं, आणि तेही शेवटच्या आठवड्यात.

विधानसभेला टीव्ही, केबल, रेडिओ, चित्रपटगृह, समाजमाध्यमावरची पैसे देऊन केलेली जाहिरात, एकगठ्ठा एसएमएस आणि आवाजी संदेश या सगळ्यांना माध्यम प्रमाणन समितीची पूर्वपरवानगी लागते. उमेदवाराने अर्ज किमान तीन दिवस आधी करायचा, मजकुराची लेखी प्रत आणि निर्मितीचा खर्च जोडून. छापील जाहिरातीला मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी लागते.

सावधान: एआयने बनवलेला आवाज किंवा चित्र वापरलं तर आयोगाच्या ऑक्टोबर २०२५ च्या सूचनेप्रमाणे दिसणाऱ्या भागाच्या किमान १० टक्के जागेत तसं लिहायला हवं, आवाज असेल तर सुरुवातीच्या १० टक्के वेळात सांगायला हवं. दिवंगत नेत्याच्या आवाजात आशीर्वाद तयार करून देणारे लोक भेटतील. त्यांना चहा पाजून परत पाठवा.

## टप्पा ११: शेवटचे ४८ तास आणि नंतर

जाहीर प्रचार थांबला की नवीन काही बाहेर काढू नका. ज्या टीमकडे आधीच ठरलेला क्रम नसतो ती नेमकी या रात्री नवं चित्र बनवते. मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत चिन्ह असलेली टोपी, बिल्ला, उपरणं चालत नाही. टेबलावर बसणाऱ्या पोरांना हे आदल्या दिवशी सांगा आणि त्यांच्यासाठी साधे कपडे ठरवून द्या.

निकालानंतर ३० दिवसांत विधानसभेच्या खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. नाही दिला आणि कारण पटलं नाही, तर त्याच कायद्याच्या कलम १०-अ खाली तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते, जिंकलेल्यालाही आणि हरलेल्यालाही. फ्लेक्स उतरवण्याचं काम छपाईच्या ऑर्डरमध्येच लिहून घेतलेलं असेल तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी माणूस शिडी घेऊन येतो. प्रत्येक जागेचा रिकामा फोटो काढा, तारीख टाका आणि परवानगीच्या कागदामागे टाचून ठेवा.